घराचं तोंड

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला अजून पंधरा दिवस होते, पण बोरखेडीत सकाळी नऊलाच पत्र्यावर हात ठेववत नव्हता. अशा दिवसांत शहाणं माणूस दहाच्या आत कामं उरकून कूलरसमोर पडतं. आनंदाबाई मात्र डोक्यावर ओलं फडकं घेऊन बादलीतून मग्गा मग्गा पाणी काढत होती आणि ओट्यावर ओतत होती. ओटा नवा होता. तीन दिवसांपूर्वी तानबा मिस्तरीनं बांधला आणि जाताना बजावून गेला, "वयनी, दिवसातून चारदा तराई करजा. सिमीटाले पाणी कमी पडलं का ओटा तडकलाच समजा."

गावात नळ तिसऱ्या दिवशी यायचा, तोही पाऊण तास. घरात प्यायच्या पाण्याचे दोन गुंड आणि वापरायला एक प्लास्टिकची टाकी. त्या टाकीतलं निम्मं पाणी ओटा पिऊन बसला होता.

"माणसाले तिसऱ्या दिवशी पाणी, अन ह्याले दिवसातून चारदा," ती म्हणाली.

तिचा नवरा रूपराव समोरच्या निंबाखाली बाजेवर पडला होता. पडल्यापडल्याच त्यानं मान उचलून पाहिलं. "तिकडचा कोपरा सुटला."

"दिसते मले."

"दिसते तं टाक न मंग."

आनंदाबाईनं उरलेली बादली त्या कोपऱ्यावर एकदमच उपडी केली. पाणी ओट्यावरून वाहून मातीत गेलं.

सगळं सुरू झालं ते रूपरावच्या पडण्यापासून. दिवाळी झाल्यावर कापसाच्या भरल्या गाडीवर चढून तो दोर आवळत होता. दोर तुटला आणि चौसष्ट वर्षांचा माणूस पाठीवर खाली आला. खुब्यात सळी टाकावी लागली. तेव्हापासून चालायला चार पायांचा वॉकर आला, बैलजोडी आर्वीच्या बाजारात गेली आणि सहा एकराचं वावर यंदा मक्त्यानं दुसऱ्याच्या हातात गेलं.

पोरगा सचिन वर्ध्यात एका कॉलेजात बाबू होता. नालवाडीत त्याचं तीन खोल्यांचं घर. त्या घरावर माडी चढवायची, आईबाबांना तिथं न्यायचं आणि त्यासाठी गावचं घर विकायचं, असं त्यानं आणि वर्षालीनं मिळून ठरवलं. विचार वाईट नव्हता. सून म्हणून वर्षालीला नावं ठेवायला जागा नव्हती. सासरा दवाखान्यात होता तेव्हा तेरा दिवस तीच उशाशी बसली होती. त्यामुळं आनंदाबाईला एकदम नाही म्हणता आलं नाही. हो म्हणावं असंही काही पोटातून येत नव्हतं. तिचं हे असं चाललं होतं तोवर सचिननं गिऱ्हाईकही शोधलं. गावच्या शाळेवर धनंजय म्हणून नवा मास्तर बदलून आला होता. बायको-मुलीला आर्वीत भाड्याच्या घरात ठेवून रोज येणंजाणं करत होता. त्याला गावात घर हवं होतं. तो मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी पाहायला येणार होता.

"घर समोरून इकते आई," सचिन म्हणाला होता. हे त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. "मांगं काय हाय ते कोणी पाह्यत नाई. समोरून आवडलं का माणूस अर्धा तं तिथंच फसते."

"फसते?"

"म्हणजे, पटते त्याले."

मग त्यानं समोरून काय काय करायचं ते सांगितलं. ओटा. रंग. दाराला पॉलिश. दोन कुंड्या. समोरची घाण साफ. आनंदाबाई पहिल्याच शब्दाशी अडकली होती. ह्या ओट्यासाठी तिनं रूपरावला किती वर्षं म्हटलं होतं त्याला हिशेब नाही. दारात बसायला जागा नाही, बायका आल्या तर उभ्याउभ्या बोलून जातात, तूर निवडायची तर धुळीत बसावं लागतं. दरवर्षी त्याचं एकच, यंदा कापूस चांगला होऊ दे. कापूस दोनतीनदा चांगला झालाही, पण ओटा नाही झाला. आणि आता एका परक्या मास्तराला दिसायला बरं म्हणून तानबानं तो दीड दिवसात बांधून टाकला.

"एवढंच होतं तं मले बांधून देत नाई आला?" त्या दिवशी तिनं रूपरावला विचारलं.

"तवा फुरसत नोती."

ती मग्गा घेऊन टाकीकडं गेली. बोलली असती तर दिवस पुरला नसता.

ओट्यानंतर समोरची घाण. घाण म्हणजे पुंडलिकरावचा पऱ्हाट्यांचा ढीग. कपाशी उपटून वाळवलेली ती झाडं शेजारचा पुंडलिकराव चुलीसाठी रचून ठेवायचा, आणि रचायचा ती जागा वाटेपलीकडे, पण थेट आनंदाबाईच्या दारातून दिसणारी. सचिननं फोनवर सांगितलं, "काकाले म्हण, आठ दिवसांसाठी मांगं टाका." स्वतः फोन करून तो म्हणाला नाही. आनंदाबाईलाच जावं लागलं.

पुंडलिकराव दारात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं बसा म्हटलं नाही. त्याची बायको आतून बाहेर आली नाही.

"इकून राह्यले म्हणते घर," तो म्हणाला.

"पोरगा म्हणते."

"अन मले चौकातून समजते. भिंतीले भिंत हाय माही. एका शब्दानं इचाराव वाटलं नाई?"

आनंदाबाई पदर सावरत उभी राहिली. त्याचं खरं होतं. तिला स्वतःलाच कोणी विचारलं नव्हतं, हे त्याला सांगून काय उपयोग. तिनं ढिगाचं काढलं.

"ढीग माह्या जागेत हाय," पुंडलिकराव म्हणाला. "ज्याच्या डोळ्याले टोचते त्यानं उचलावा."

तिनं उचलला. दोन दिवस पहाटे पाचला उठून ऊन तापेपर्यंत पऱ्हाट्यांचे भारे बांधले आणि डोक्यावरून त्याच्याच गोठ्यामागं नेऊन रचले. हातांवर कोपरापर्यंत ओरखडे उठले. त्यात घाम शिरून चुरचुरायचं. केसांत बोंडाच्या वाळल्या टरफलांचा चुरा अडकला, तो रात्री निजताना मानेला टोचायचा. दुसऱ्या दिवशी शेवटचा भारा हलला आणि ती कमरेवर हात ठेवून मागं वळून पाहते तर ढिगामागं पुंडलिकरावचा उकिरडा उघडा पडला होता. शेणाचा, राखेचा, फाटक्या पिशव्यांचा, वर दोन कुत्री. आजवर तो निदान झाकलेला तरी होता.

तिनं सचिनला फोन लावला. तो कॉलेजात होता, हळू आवाजात बोलत होता.

"त्याच्यावर काई टाकता येईन का?" त्यानं विचारलं.

"पऱ्हाट्या टाकता येतीन," आनंदाबाई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

रंगाचं त्याहून वाईट झालं. एक तर लग्नसराईचे दिवस. तानबा सोमवारी येतो म्हणून गेला तो गुरुवारी उगवला, तेही पायात नवी चप्पल आणि तोंडात खर्रा. त्याला बोलावं तर तो ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि खर्रा थुंकायला दहा पावलं चालत जायचा. परत येईपर्यंत बोलणाऱ्याचा राग निवायचा. सचिननं वर्ध्याहून रंगाचे दोन डबे पाठवले होते. मोबाईलमध्ये तो रंग सायीसारखा दिसत होता. भिंतीवर पहिला हात बसला आणि उन्हानं लगेच वाळला तेव्हा फिकट हिरवा, आजारी माणसाच्या तोंडासारखा दिसू लागला.

रूपराव बाजेवरून बघत होता. "हा तं ग्रामपंचायतीच्या मुतारीचा रंग हाय."

तानबानं ब्रश थांबवून नीट पाहिलं. "तोच हाय भाऊ," तो म्हणाला. "तिथंबी म्याच मारलता."

सचिननं फोनवरच भिंत दाखवायला सांगितली. आनंदाबाईनं मोबाईल धरला. "आई, तू सोताचं तोंड दाखवून राह्यली. फिरव. डावीकडं. तुह्या डावीकडं नाई, माह्या." तिचा हात दुखायला लागला. शेवटी सचिन म्हणाला, दुसरा हात मारला की उजळेल. दुसरा हात मारला. उजळलं काहीच नाही, हिरवा मात्र एकसारखा झाला.

खरी गोष्ट पुढंच होती. दाराच्या उजव्या अंगाला, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत भिंतीला एक भेग होती. काळ्या मातीतलं घर; माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला आपल्याबरोबर ओढते. पोळ्याच्या सुमाराला ही भेग केसाएवढी व्हायची, मे महिन्यात तिच्यात बोट जायचं. घर बांधून एकतीस वर्षं झाली होती, त्यातली तीस वर्षं आनंदाबाई दर उन्हाळ्यात माती, शेण आणि भुसा कालवून ती भरत आली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्यातून विंचू निघाला आणि भिंतीजवळ निजलेल्या चार वर्षांच्या सचिनच्या पायाला डसला. पोराचं अंग गार पडलं, तोंडाला फेस आला. रूपरावनं सायकल काढली, ती मागं पोराला मांडीत घेऊन बसली, आणि अकरा किलोमीटर आर्वीपर्यंत ती त्याला फक्त जागं ठेवत होती. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. तेव्हापासून तिनं त्या भिंतीला लागून कोणाला निजू दिलं नव्हतं.

तानबानं त्या भेगेत पुट्टी दाबून भरली, घासली आणि वरून तोच हिरवा मारला. दोन पावलं मागं सरून त्यानं पाहिलं. काही दिसत नव्हतं.

"टिकन का?" आनंदाबाईनं विचारलं.

"पंधरा दिवस पाहाले नोको. मंग ऊन उघडते थे. तवरिक सौदा होऊन जाईन तुमचा."

मास्तर येणार त्याच्या आदल्या संध्याकाळीच सचिन मोटारसायकलनं आला. येऊन आधी भिंतीवरून हात फिरवला. खूश झाला. "पाह्य, समजते का काई?"

"मले समजते."

"तुले समजन. त्याले नाई समजत."

"त्याले लेकरू हाय म्हणते."

"आई, मास्तर हाय तो. शिकेल माणूस. आपलं आपण पाहून घेईन."

जेवताना त्यानं आणखी एक गोष्ट काढली. आईकडं पाहत, बाबांकडं न पाहता. "उद्या बाबाची बाज समोर नोको. अन वॉकर तं बिलकुलच नोको. गरज दिसली का माणूस भाव पाडते. दोन घंट्याची तं गोष्ट हाय. मांगच्या खोलीत बसतीन."

मागची खोली म्हणजे जिथं फवारणीचा पंप, रिकामे पोते आणि मोडकी पाभर ठेवली होती. आनंदाबाईनं रूपरावकडं पाहिलं. हा माणूस जन्मभर ओरडत आला होता. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून, बैल वेळेवर सुटले नाहीत म्हणून, पाऊस आला म्हणून आणि नाही आला म्हणून. आता ओरडायची वेळ होती तर तो मान खाली घालून भाकर मोडत होता.

सचिन हात धुवायला उठल्यावर ती म्हणाली, "तुमी काई बोलत काऊन नाई?"

"बराबर बोलते थो."

"काय बराबर?"

"म्या असतो तं म्याबी हेच केलं असतं," रूपराव म्हणाला.

तिनं ताटं उचलली आणि जरुरीपेक्षा जोरानं मोरीत ठेवली.

सकाळी साडेआठला मोटारसायकल आली. धनंजय मास्तर तिशीतला, अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. मागं त्याची बायको पौर्णिमा आणि दोघांच्या मध्ये चार-साडेचार वर्षांची मुलगी, इला. सचिननं बाहेरच स्वागत केलं. उकिरड्याकडं पाठ येईल अशा दोन खुर्च्या त्यानं आधीच मांडून ठेवल्या होत्या. पण पौर्णिमा बसली नाही. ती चारी बाजूंनी बघत राहिली.

"रंग आत्ताच मारला का?" तिनं विचारलं.

"हो, आम्ही दर वर्ष-दोन वर्षांनी मारतोच," सचिन म्हणाला. मास्तरांसमोर तो शाळेच्या पुस्तकासारखं बोलत होता.

आनंदाबाई पाण्याचे गिलास घेऊन उंबऱ्यात उभी होती. ह्या भिंतीला ह्याआधीचा रंग सचिनच्या लग्नात लागला होता.

धनंजयनं पाण्याचं विचारलं, विजेचं विचारलं, दुपारचं ऊन कोणत्या खोलीत येतं ते विचारलं. सचिन प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होता. मोठ्यांचं बोलणं चाललं होतं तशी इला ओट्यावर चढली, दोनदा इकडून तिकडं पळाली, आणि मग खिडकीखाली भिंतीला टेकून बसली. लहान मुलांना हाताला चाळा लागतो. तिनं नखानं भिंत खरवडायला सुरुवात केली. पुट्टीचा एक पापुद्रा सुटला. मग दुसरा, बोटाएवढा लांब. मग तिनं त्या फटीत आपलं बोट घातलं.

आनंदाबाईच्या हातातले गिलास उंबऱ्यावर कसे ठेवले गेले ते तिलाही कळलं नाही. ती ओट्यावर गेली, मुलीला काखेत हात घालून उचललं आणि भिंतीपासून चार हात लांब आणून उभी केली. सगळे बघत राहिले. मुलगी रडली नाही, फक्त बोट पुढं धरून उभी राहिली.

"काय झालं काकू?" पौर्णिमा म्हणाली.

"इथं भेग हाय," आनंदाबाई म्हणाली. "खिडकीपासून खालपर्यंत. आता भरून वरून रंग मारला म्हणून दिसत नाई. उन्हाळ्यात बोट जाते, पावसाळ्यात आपोआप मिटते. दरसाल भराव लागते."

"आई, चहा टाक," सचिन म्हणाला.

"टाकते. पह्यले सांगू दे मले. बाई, भेगेचं काई नाई, भेग सगळ्याच घरी असते ह्या मातीत. पण इंचू निघते तिच्यातून. ह्यालेच चावलाता, हा उभा हाय न, ह्याले. हिच्याएवढाच होता. अकरा किलोमीटर सायकलवर नेला. लेकराले ह्या भिंतीजवळ निजवजा नोको, एवढं ध्यानात ठेवजा."

सचिनचं तोंड त्या उन्हातही उतरलेलं दिसलं. पौर्णिमानं मुलीचं बोट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. धनंजय भिंतीजवळ गेला, फटीत डोकावला, मग खाली वाकून जमिनीशी भिंत कशी आहे ते बघू लागला.

"पाया किती खोल आहे?"

"चांगला आहे सर," सचिन म्हणाला. "चार-साडेचार फूट तर असेलच."

आनंदाबाईला खरं ठाऊक होतं. पण आता सांगायचं तर ते तिनं सांगून भागणार नव्हतं. "ज्यानं बांधला त्यालेच इचारा," ती म्हणाली आणि आत गेली.

मागच्या खोलीत रूपराव पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसला होता. खोलीत पंखा नव्हता. बंडी पाठीला चिकटली होती, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्यानं पुसलाही नव्हता.

तिनं वॉकर त्याच्यापुढं ठेवला. "चला बाहेर."

"सचिन म्हणे का..."

"सचिन म्हणे ते झालं. चला."

वॉकरचे पाय फरशीवर वाजत वाजत पुढच्या खोलीतून दारापर्यंत आले. रूपराव उंबऱ्यापाशी थांबला. धनंजयनं पटकन आपली खुर्ची पुढं केली. "बसा काकाजी." मग त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

रूपराव खुर्चीत बसला, श्वास सावरला. तो भिंतीकडं पाहत होता, बायकोकडं नाही.

"दीड हात," तो म्हणाला. "दीड हातबी पुरता नाई. मुरूम तीन हातावर हाय इथं. हिचा बाप बांधकाम पाहाले आलता, थो सांगून गेला का मुरूम लागेपर्यंत खणा. हिनंबी दोनदा म्हटलं. पण पेरणी आलती तोंडावर. मजूर मले वावरात पायजे होते. म्या खणणं बंद केलं अन भिंती उचलल्या."

तो पुढं म्हणाला, "आजवर मी मातीलेच दोष देत आलो. मातीचं काई नाई. पाया माह्या हातानं उथळ राह्यला."

आनंदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दर उन्हाळ्यात भेग भरायला बसली की तिच्या मनात हे वाक्य यायचं. ते एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं, एवढीच तिची मागणी होती. आता ऐकलं तर तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एका दमात म्हणून होणारी गोष्ट. त्याला एकतीस वर्षं लागली, आणि तीही त्यानं एका अनोळखी मास्तराला सांगितली. ती वळून चुलीकडं गेली. त्या दिवशीच्या चहात साखर इतकी पडली की इला सोडून कोणालाच तो पूर्ण पिता आला नाही.

पाहुणे गेल्यावर सचिन बराच वेळ मोटारसायकलला टेकून उभा राहिला.

"पंधरा दिवसाचं काम पंधरा मिनिटात घालवलं तू," तो म्हणाला.

"हो."

"थे विचारत होते का? कोणी विचारलं होतं तुले?"

"तिच्या लेकरानं बोट घातलतं," आनंदाबाई म्हणाली. "तू पाह्यलं नाई?"

रागानं उपाशी जाईल असं तिला वाटलं होतं. पण तो आत येऊन जेवला, रागातच दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि आंब्याच्या रसाचा डबा वर्षालीसाठी मागून घेऊन गेला. जाताना बाबांच्या पाया पडला. रूपरावनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

चार दिवसांनी धनंजय मास्तरचा फोन आला. घर विकत घ्यायचं तूर्त धाडस होत नाही, तो म्हणाला. पण समोरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळतील का? जुलैपासून. तुम्ही दोघं मागच्या दोन खोल्यांत राहा. एक उन्हाळा काढून पाहू, मग विकत घ्यायचं बोलू. फक्त पावसाच्या आत ती भिंत खालून दुरुस्त करून द्या. "पौर्णिमा म्हणत होती काकू, आर्वीच्या घरमालकानं गळतंय हे सुद्धा सांगितलं नव्हतं," असंही तो म्हणाला.

सचिनला हे पटलं नाही. गावातल्या घराला भाडेकरू ठेवून काय होणार, असं तो फोनवर बोलत असतानाच वर्षालीनं त्याच्या हातून फोन घेतला. "आई, माडी होईन तवा होईन. बाबाले दर महिन्याले दवाखान्यात दाखवाले घेऊन या, खालची खोली हायेच न. अन थो हिरवा रंग म्या पसंत नोता केला, हे सांगून ठेवते." आनंदाबाईला खूप दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

नवतपा सरता सरता तानबा पुन्हा आला. भिंतीच्या पायथ्याशी चर खणायचा, एका वेळी दोन हात लांबीचा, म्हणजे भिंत खचणार नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, तिथून दगड आणि सिमेंट घेऊन वर यायचं, मग पुढचा तुकडा. काम कठीण नव्हतं, वेळखाऊ होतं. पण भेगेच्या बरोबर खाली नवा ओटा होता.

तानबानं ओट्याभोवती एक चक्कर मारली. दहा पावलं जाऊन थुंकून आला. "ओट्याले हात न लावता बाजूनं करून पाहू का वयनी?"

"बाजूनं होते?"

"होत नाई. पण पाहू म्हणतो."

आनंदाबाईनं ओट्याकडं पाहिलं. गेल्या आठदहा दिवसांत ती त्यावर संध्याकाळी बसली होती, पुंडलिकरावची बायको येऊन एकदा टेकली होती, तूर निवडून झाली होती.

"फोड," ती म्हणाली.

"आठ दिवस पाणी मारलं तुमी त्याले. भर उन्हात."

"म्या मारलं. मले माईत हाय. फोड म्हटलं न."

तानबानं घण उचलला. पहिल्या घावाला नुसती ठिणगी उडाली. दुसऱ्यालाही काही झालं नाही. ओटा चांगलाच पक्का झाला होता. अर्ध्या तासानं तानबाचा सदरा पिळून काढण्यासारखा भिजला आणि ओट्याचा एक कोपरा फक्त निघाला. "एवढी तराई कोणी करते का," तो पुटपुटला. आनंदाबाईनं ऐकलं आणि त्याला पाण्याचा तांब्या दिला.

दुपार टळल्यावर खणणं सुरू झालं. रूपरावची बाज निंबाखाली आपल्या जागेवर होती. तो तिथून चराकडं बघत होता. वरची माती काळी, कोरडी, ढेकळाढेकळांची निघत होती. कुदळ मारली की एकेक ढेकूळ डोक्याएवढं सुटायचं. हातभर खाली ती दमट झाली. दीड हातावर जुना पाया संपला; त्याच्या शेवटच्या दगडाखाली सरळ काळी माती दिसत होती. रूपरावनं तो दगड पाहिला आणि तोंड दुसरीकडं केलं. तानबा खाली जात राहिला. आता तो छातीपर्यंत चरात बुडाला होता. फावड्यावर काळ्या मातीत पिवळे खडे येऊ लागले.

त्यानं फावडं टेकवलं आणि सवयीनं बाजेकडं पाहिलं. "भाऊ, मुरमाचे खडे लागून राह्यले. तीन हात भरतच आले. बस करू का?"

रूपराव उठून बसला. त्यानं चराकडं पाहिलं, मग हातानं वॉकर जवळ ओढला, पण उभा राहिला नाही.

"मले नोको इचारू," तो म्हणाला. "तिले इचार."

आनंदाबाई चराच्या काठाशी उकिडवी बसली. वाकून फावड्यावरचं एक ढेकूळ तिनं उचललं आणि मुठीत दाबलं. फुटलं, पण निम्मं अजून काळं होतं आणि हाताला चिकटत होतं. तिनं हात झटकला.

"अजून हातभर," ती म्हणाली.

तानबानं कुदळ मागितली.